उजेडाची गळती

आमच्या घरात उजेडाचे खाते आपाकडे होते. असरची नमाज झाली की ती ओसरीवर कंदील आणि चिमण्या घेऊन बसायची. चुलीतली चाळलेली राख, अब्बांच्या फाटक्या बनियनचा तुकडा आणि वाटीत थोडे पाणी. कंदिलाची काच आतून पुसायची म्हणजे हात आत घालावा लागतो. अम्मीचा हात मावत नसे, आपाचा मावत असे, म्हणून हे काम तिचे. वात कात्रीने सरळ कापायची, कोपरा वर राहू द्यायचा नाही. राहिला तर काच एका बाजूने काळी पडते. हे सगळे ती आम्हाला सांगत बसायची आणि आम्ही शेजारी बसून तिच्याकडूनच गुणाकार शिकायचो.

ही गोष्ट फार जुन्या जमान्यातली नाही. २००५ सालची आहे. त्या वर्षी आम्ही दहावीला होतो आणि महाराष्ट्रात भारनियमन जोरात होते. आमच्या गावात, म्हणजे माजलगाव तालुक्यातल्या एका मध्यम गावात, वीज कधी येते यापेक्षा कधी जाते याचे वेळापत्रक लोकांना पाठ होते. मगरिबच्या सुमारास गेली की ईशा होऊन जाई, तरी तिचा पत्ता नसे. मोहल्ल्यात एक आवाज कायम ऐकू यायचा, "लाइट कब आयगी रे?" आणि त्याला कोणीतरी उत्तर द्यायचे, "परली कू जाके पूछ."

या उत्तरात थट्टा होती तशी चीडही होती. आमच्याच जिल्ह्यात परळी वैजनाथला औष्णिक वीज केंद्र आहे. १९७१ सालापासून तिथे कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते आणि तिच्यावर चाके फिरतात. उंच चिमण्या लांबून दिसतात. तिथली राख भरलेले ट्रक रस्त्याने जातात, ती राख अंगणात, कपड्यांवर, डोळ्यांत येते. राख आमच्या वाट्याला आणि वीज बाहेरगावी, अशी लोकांची भावना होती. ती अगदीच बरोबर होती असे नाही, कारण वीज कोणत्या गावात तयार झाली हे तारेला ठाऊक नसते. पण अंधारात बसलेल्या माणसाला हे समजावून सांगणे अवघड. पुढे २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्रच बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. वीज बनवायला पाणी लागते, हे आमच्या पुष्कळ लोकांना तेव्हाच कळले.

अब्बांचे बसस्टँडजवळ रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान होते. बिघडलेल्या टेपमधून काढलेले बारीक लाल दिवे ते एका खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत साठवून ठेवत. डाळिंबाच्या दाण्याएवढा एकेक दिवा. दोन सेल लावले की लाल उजेड पडे, आणि हात लावला तर अगदी थंड. आम्ही विचारले, "अब्बा, ये गरम क्यों नहीं होता?" अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, "इसके अंदर तार नहीं ना, जलने कू कुछ हैच नहीं." एवढे उत्तर त्यांना पुरले आणि त्या वेळी आम्हालाही पुरले. त्या दाण्याला एलईडी म्हणतात आणि डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी बनवला, हे आम्ही बी.एड.च्या वर्षात वाचले.

आपा त्या वेळी शाळेत नव्हती. गावातली उर्दू शाळा सातवीपर्यंत होती आणि पुढची तालुक्याला. मुलाला एसटीचा पास काढून दिला, मुलीला घरी ठेवले. भांडण झाले नाही, रडारड झाली नाही, कोणी काही ठरवले असेही आठवत नाही. जून उजाडला, आमची नवी वह्यापुस्तके आली आणि तिची आली नाहीत. गणितात ती आमच्या पुढे होती. हे आम्ही आज लिहितो आहोत, तेव्हा मनातही आले नव्हते.

आता आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. शाळेच्या कामकाजात एक शब्द वारंवार येतो, गळती. अमुक इयत्तेत किती मुले, पुढच्या इयत्तेत किती, मधली गेली कुठे. याला शिक्षण खात्याच्या भाषेत गळती म्हणतात. वीज मंडळाच्या भाषेतही गळतीच म्हणतात. तारेत शिरलेली वीज आणि मीटरवर आलेली वीज यांतला फरक. भारनियमनाच्या काळात हिशेब असा होता, की ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त तिथे अंधार जास्त. म्हणजे ज्याच्या वाट्याला आधीच कमी पोहोचते, त्याचेच आणखी कापायचे. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला, त्यानंतर आपल्या राज्यात महमूदुर्रहमान समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. दोन्हींवर आपल्या मंडळींनी पुष्कळ परिसंवाद घेतले, आम्हीही एक-दोन ठिकाणी सतरंज्या उचलल्या. पण गळती या शब्दाचा अर्थ आम्हाला खरा कळला तो नववीच्या वर्गात, एका मुलीच्या प्रश्नामुळे.

विजेचे परिणाम शिकवत होतो. पिवळा बल्ब लावून दाखवला, तापल्यावर कागदाजवळ धरला. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे नाव इथे लिहीत नाही. ती म्हणाली, "सर, उजाला चाहिए तो ये गर्मी काय कू बनाता?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो असतो, पण अब्बांची औषधाची बाटली आठवली. आम्ही फळ्यावर परळी काढली. म्हटले, समजा शंभर टोपल्या कोळसा जाळला. त्यातल्या साधारण तेहतीस टोपल्यांच्या ऊर्जेचीच वीज होते, बाकीची उष्णता चिमणीतून आणि पाण्यातून निघून जाते. तारेत, रोहित्रात आणि आकड्यांत आणखी जाते. समजा पंचवीस टोपल्यांएवढी घरात पोहोचली. आता हा पिवळा बल्ब शंभरातल्या पाचच भागांचा उजेड करतो. पंचविसाचे पाच टक्के किती? मुलींनी हिशेब केला, सव्वा. शंभर टोपल्या जाळून सव्वा टोपलीचा उजेड! तोच एलईडी बल्ब असेल तर तो विजेच्या साधारण तीस टक्क्यांचा उजेड करतो, म्हणजे साडेसात टोपल्या. परळीत एकही चाक न बदलता, फक्त घरातला दिवा बदलून सहापट उजेड. वर्ग शांत झाला. त्या मुलीने पुन्हा विचारले, "और बाकी का? साडे बानवे?"

हा प्रश्न आम्ही घरी घेऊन गेलो. विज्ञानाच्या शिक्षकाची ही एक अडचण असते, की पुस्तक जिथे थांबते तिथेच मुलांचे प्रश्न सुरू होतात.

थोडे मागे जाऊ. लाल एलईडी १९६२ चा, हिरवा त्यानंतर काही वर्षांत आला, पण निळा तीस वर्षे कोणाला नीट जमला नाही. आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होत नाही. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तीन जपानी शास्त्रज्ञांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थावर चिवटपणे काम केले. नाकामुरा तर तेव्हा एका आडगावच्या लहानशा कंपनीत नोकरीला होते. १९९३ मध्ये त्यांचा झगझगीत निळा दिवा जगापुढे आला आणि तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्याच सुमारास आपल्याकडे सरकारने एलईडी बल्ब घाऊक खरेदी करायला घेतले. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. जो बल्ब २०१४ मध्ये सरकारला ३१० रुपयांना पडत होता, तो दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. आमच्या गावातही पोहोचला. आपा आता शिवणकाम करते आणि नऊ वॉटच्या बल्बाखाली रात्री सुईत दोरा ओवते. पहिल्यांदा तो बल्ब लावला तेव्हा तिने छताकडे पाहिले आणि म्हणाली, "इसकी काच पोंछने की जरूरत नहीं." हे ती आनंदाने म्हणाली की कसे, ते आम्हाला सांगता येणार नाही.

पण गॅलियम नायट्राइडचा एक नखरा आहे. त्याचा स्फटिक साधारण हजार अंश तापमानाला, अतिशय स्वच्छ यंत्रात, नीलमण्यासारख्या महागड्या चकतीवर थर चढवून वाढवावा लागतो. स्फटिकात दोष राहून चालत नाही. असे कारखाने गावोगाव होत नाहीत. म्हणून गेली काही वर्षे जगभरचे लोक अशा पदार्थाच्या शोधात आहेत, जो शाईसारखा द्रवातून पसरवता येईल, शंभर अंशांच्या आसपास वाळवता येईल आणि तरीही लखलखीत उजेड देईल.

तो पदार्थ आम्ही डोळ्यांनी पाहिला. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी पुण्याला जाण्याचा योग आला, पाषाणच्या आयसरमध्ये. तिथे एका संशोधक विद्यार्थ्याने बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत पिवळसर हिरवट पाणी दाखवले. ऊसाच्या रसात लिंबू पिळल्यावर दिसते तसे. मग खोलीतले दिवे बंद केले आणि नोटा तपासायचा असतो तसला जांभळा दिवा बाटलीखाली धरला. सुभानल्लाह! बाटली अशी हिरवी पेटली, की शेजारी बसलेल्या गुरुजींचा चेहराही हिरवा झाला. आग नाही, धूर नाही, गरमी नाही. आम्हाला एकदम अब्बांची औषधाची बाटली आठवली. बाटलीही तेवढीच होती.

त्या पदार्थाचे नाव पेरोव्हस्काइट. १८३९ साली गुस्ताव रोझ या जर्मन शास्त्रज्ञाला रशियातल्या उरल पर्वतातून आलेल्या नमुन्यात एक खनिज सापडले आणि त्याने ते पेरोव्हस्की नावाच्या रशियन उमरावाच्या नावे केले. बाटलीत होते ते मूळ खनिज नव्हे, पण त्याच घडणीचे, सीझियम, शिसे आणि ब्रोमीन यांचे कण. कण इतके बारीक, की एक मिलिमीटर रेषेवर लाखभर मावतील. आयसरमधले प्राध्यापक अंगशुमान नाग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी २०१५ साली या कणांवर निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात दाखवले, की शंभर प्रकाशकण आत गेले तर नव्वदच्या आसपास परत बाहेर येतात. ही नव्वदी विशेष. इतर पदार्थांचे असले कण कवच चढवल्याशिवाय असा उजेड देत नाहीत, हे बिनकवचाचे देतात. मुंबईच्या आयआयटीतही प्राध्यापक दिनेश काब्रा यांचा गट याच जातीच्या पदार्थांवर, सौरघट आणि दिवे या दोन्ही अंगांनी, काम करतो. म्हणजे ही गोष्ट केवळ केंब्रिजची आणि चीनची नाही. आमच्या गावाहून रात्रीच्या एसटीने जाता येते, इतक्या जवळची आहे.

आता त्याची घडण. शिकवताना आम्हाला एक युक्ती सापडली, ती सांगतो. एक चौकोनी खोली डोळ्यांपुढे आणा. आठ कोपऱ्यांत आठ सीझियम बसलेले. मधोमध टांगलेल्या दिव्याच्या जागी शिसे. आणि चारही भिंतींच्या मध्यावर, तसेच छताच्या आणि फरशीच्या मध्यावर, एकेक ब्रोमीन. जुन्या घरांत भिंतीत ताक असतो ना, चिराग ठेवायचा, अगदी तसा. अशा खोल्यांना खोल्या लागून पूर्ण वाडा झाला की तो स्फटिक. खरी खोली जराशी तिरकी असते, पण समजायला एवढे पुरे.

दिवा करायचा म्हणजे या वाड्यात एका बाजूने इलेक्ट्रॉन सोडायचे आणि दुसऱ्या बाजूने रिकाम्या जागा, ज्यांना होल म्हणतात. दोघे भेटले की उजेडाचा एक कण सुटतो. पण वाड्याच्या बाहेरच्या कडेला काही ताक रिकामे पडलेले असतात. ब्रोमीन निघून गेलेले, आतले शिसे उघडे पडलेले. वाट चुकलेला इलेक्ट्रॉन अशा जागी अडकतो आणि त्याची ऊर्जा उजेडाऐवजी गरमी होऊन वाया जाते. ही पहिली गळती. उपाय काय, तर त्या उघड्या शिशाला धरून बसेल असा एखादा सेंद्रिय रेणू द्रवात मिसळायचा. त्याने रिकामी जागा अडवली की इलेक्ट्रॉन पुढे जातो आणि ठरल्या ठिकाणी भेट होते. याला पॅसिव्हेशन म्हणतात. गेल्या दहा वर्षांत या दिव्यांची जी सुधारणा झाली, तिचा फार मोठा भाग या जागा भरण्याच्या कामात आहे. दुसरे एक काम दोन्ही बाजूंची आवक सारखी ठेवण्याचे. एका बाजूने गर्दी आणि दुसऱ्या बाजूने कोणीच नाही, असे झाले तरी उजेड पडत नाही.

दुसरी गळती मात्र वेगळीच आहे आणि आम्हाला ती फार आवडली. उजेड तयार होतो, पण घरातून बाहेरच पडत नाही.

लहानपणी आम्ही मळ्यातल्या विहिरीत पोहायचो. बुडी मारून खालून वर पाहिले की आभाळ एका गोल खिडकीत दिसायचे आणि त्या गोलाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा, त्यात विहिरीचीच कड. पाण्यातून तिरका वर जाणारा उजेड एका मर्यादेपलीकडे बाहेर पडत नाही, तो परत खालीच येतो. वर्गात आम्ही परावर्तनाला इनइकास म्हणतो आणि अपवर्तनाला इनइताफ. पेरोव्हस्काइट पाण्यापेक्षा उजेडाला कितीतरी जास्त वाकवतो, म्हणून त्याची खिडकी आणखी लहान. सपाट थर असेल तर तयार झालेल्या उजेडाचा चार-पाच भागांतला जेमतेम एक भाग बाहेर येतो, बाकीचा आतल्या आत आपटत राहतो. २०१८ साली चीनमध्ये नानजिंगच्या एका गटाने द्रवात अमिनो आम्ल मिसळले, तेव्हा थर सपाट न होता त्याचे सुटे सुटे बारीक डोंगर आपोआप तयार झाले आणि अडकलेला उजेड त्यांच्या उतारांवरून बाहेर निसटला. या पदार्थाचा आणखी एक गुण असा, की आत अडकलेला उजेड तो स्वतःच शोषतो आणि पुन्हा नव्याने सोडतो. म्हणजे एकदा चुकलेल्या कणाला खिडकी गाठायची दुसरी संधी मिळते.

आकडे सांगतो. दिव्यात शंभर इलेक्ट्रॉन सोडले तर उजेडाचे किती कण बाहेर आले, ही मोजणी. २०१४ साली केंब्रिजमध्ये रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने नेहमीच्या तापमानाला चालणारा पेरोव्हस्काइटचा पहिला ठळक दिवा दाखवला, तेव्हा शंभरात एकसुद्धा पुरता येत नव्हता. २०१८ मध्ये हिरव्या आणि अवरक्त दिव्यांत वीस ओलांडले. आता प्रयोगशाळेतले सर्वांत चांगले दिवे तीस ओलांडून गेले आहेत. निळा मात्र इथेही मागे आहे. रंग इतका शुद्ध, की टीव्हीच्या पडद्यासाठी सगळ्यांचे डोळे याच्याकडे लागलेले आहेत. पण घरी लावावा असा पेरोव्हस्काइटचा बल्ब अजून दुकानात मिळत नाही. हवेतला ओलावा त्याला सोसत नाही. वीज वाहू लागली की आतले ब्रोमीन जागा सोडून सरकू लागते. तापला की बिघडतो. बाजारातला साधा एलईडी पंचवीस हजार तास चालतो असे खोक्यावर लिहिलेले असते. तिथवर हा गडी अजून पोहोचलेला नाही. आणि शिसे विषारी आहे, हेही सांगायलाच हवे. राखेच्या शेजारी राहिलेल्या माणसाला उजेडाच्या मागे काय उरते, हा प्रश्न आधी सुचतो.

इथे एक अवांतर. अपवर्तनाचा नियम आपण युरोपच्या नावे शिकतो, पण बगदादच्या इब्न सहल यांच्या इसवी सन ९८४ च्या ग्रंथात तो आकृतीसह आढळला आहे. त्यांच्या मागून आलेल्या बसऱ्याच्या इब्न अल् हैसम यांनी अंधाऱ्या खोलीबाहेर ओळीने दिवे ठेवून, एका छिद्रातून आत पडणारे त्यांचे कवडसे तपासले. एक दिवा झाकला की त्याचाच कवडसा जातो, इतरांचा नाही. हे आम्ही वर्गात हौसेने सांगतो, मुले छाती फुगवतात. मात्र जलशांत हेच ऐकवून "सब कुछ हमारे बुजुर्गों ने ढूंढा" म्हणत घरी जाणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. इब्न अल् हैसम यांनी खोली अंधारी केली, दिवे आणले, झाकून पाहिले. आमच्या शाळेत प्रयोगशाळेची खोली आहे, तिच्यात तुटके बाक ठेवलेले आहेत. सूरह नूरमधला ताक आणि चिराग ज्यांना पाठ आहे, त्यांच्या मुलींना भिंगाचा एक संच मिळू नये?

पुण्याहून परतल्यावर आम्ही तो चौकोनी वाडा वर्गात करायला घेतला. चिकणमातीच्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या. गोळ्या वाळल्या की काही निखळून पडायच्या. त्या मुलीने पडलेल्या ब्रोमीनची जागा दाखवून विचारले, "सर, ये खाली ताक कौन भरता?" आम्ही पॅसिव्हेशन सांगितले. तिने वहीत तीन रकाने पाडले होते, उर्दू, मराठी, इंग्रजी. हा तिचा स्वतःचा उद्योग. आम्ही कोणाला सांगितलेले नव्हते. पहिल्या रकान्यात तिने काही लिहिले नाही. म्हणाली, "उर्दू में क्या बोलते?" आम्हाला आले नाही.

आता जे सांगायचे ते जरा अवघड आहे. या मुलीच्या आधी, आमच्या नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, अशीच एक मुलगी वर्गात होती. आठवीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. हजेरीपटावर आम्ही पंधरा दिवस गैरहजर लिहिले, मग महिना झाला, मग मार्चमध्ये तिचे नाव गळतीच्या रकान्यात गेले. तिचे घर शाळेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर होते. आम्ही गेलो नाही. तरुण अविवाहित शिक्षक, मुलीच्या घरी जायचे कसे, लोक काय म्हणतील, असे स्वतःला सांगितले. खरे कारण एवढेच, की ते आमचे काम आहे असे आम्हाला वाटले नाही. जसे आपाची वह्यापुस्तके आली नाहीत तेव्हा वाटले नव्हते.

दहावीचा निकाल लागला. तीन रकान्यांवाल्या मुलीला विज्ञानात ब्याऐंशी मिळाले. जून संपत आला तरी तिचा अकरावीचा अर्ज भरलेला नव्हता. या वेळी आम्ही गेलो, आणि सोबत आपाला घेतले. मगरिब नुकतीच झाली होती. तिचे वडील हमाली करतात. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि आधीच सांगून टाकले, "सर, आप बोलेंगे वो सब सही है. लेकिन दस तक उर्दू में पढ़ी. आगे सायन्स मराठी-अंग्रेजी में. फेल हुई तो लोगां मेरे कू हसेंगे, और रोज की एसटी अलग." खोटे ते काही बोलत नव्हते. उर्दू शाळेतून निघून विज्ञानाच्या अकरावीत गेलेली मुले पहिल्या सहामाहीत कशी चाचपडतात, हे आमच्या स्वतःच्या अंगावरून गेलेले आहे. शिक्षक फळ्यावर वेग लिहीत होते आणि आम्ही मनात रफ्तार म्हणत पोहोचेपर्यंत ते पुसून पुढे गेलेले असत.

आम्ही शिष्यवृत्तीचे, एसटीच्या पासाचे बोलत राहिलो. तेवढ्यात वीज गेली. भारनियमन नाही, वारा सुटला होता म्हणून. मुलीने चार्जिंगचा दिवा आणून जमिनीवर ठेवला. आपा इतका वेळ आत मुलीच्या आईजवळ बसलेली होती. ती तिथूनच मोठ्याने म्हणाली, "भाईसाब, मैं सातवी में नापास नहीं हुई थी. पहली आई थी. मेरे कू किसीने पूछाच नहीं." हे वाक्य आमच्या घरात वीस वर्षांत कधी बोलले गेलेले नव्हते. आम्ही त्या दिव्याकडे पाहत बसलो. वडिलांनी मुलीला विचारले, "जमेगा तेरे कू?" ती म्हणाली, "वही तैयार है."

दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. पहिले वर्ष तिला जड गेले, भौतिकशास्त्रात एकदा नापासही झाली. वडिलांना कोणी हसले की नाही, माहीत नाही. आता ती बारावीला आहे. रविवारी आपाकडे शिवण शिकायला म्हणून येते आणि दोघी गणिते सोडवतात. आपाला आता वर्गसमीकरणे येतात. आम्ही गेलो की वही पुढे करते. तिच्यात आता पाचशेच्या वर शब्द आहेत. पॅसिव्हेशनपुढचा पहिला रकाना अजून रिकामा आहे. आम्ही दोन शब्द सुचवले होते, तिने दोन्ही खोडले.